गांजाचे वजन, गांजाची नशा आणि कायदा

हावडा आणि विशाखापट्टणमकडून येणाऱ्या गाड्यांतून गांजा पकडल्याच्या बातम्या नागपूरकरांना नव्या नाहीत. पंचनाम्याच्या वेळी असे पोते उघडले की दाबून घट्ट केलेले फुलोरे, पाने, काड्या आणि बिया असे सारे एकत्रच बाहेर पडते. पुढचा खटला मात्र मुख्यतः एकाच आकड्याभोवती फिरतो, तो म्हणजे मुद्देमालाचे वजन. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजा १ किलोच्या आत असेल तर १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २० किलोच्या वर गेला तर किमान १० वर्षे शिक्षा होते आणि जामीन मिळणेही अत्यंत कठीण होते.

नशा मात्र वजनात नसते. ती टीएचसी या रेणूत असते आणि हा रेणू प्रामुख्याने मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील राळ स्रवणाऱ्या सूक्ष्म केसांत तयार होतो. साध्या भिंगातून पाहिले तरी या केसांच्या टोकांवर चकाकणारे थेंब दिसतात. पानांवर ते विरळ असतात, काड्यांत आणि बियांत टीएचसी जवळजवळ नसतेच. कायद्याने गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती ठेवली आणि नुसत्या पानांची भांग वगळली, त्याला हा शास्त्रीय आधार आहे. तरीही एका फुलोऱ्यात टीएचसी २-३ टक्के असते, तर निवडक वाणांत २० टक्क्यांच्याही वर जाते, आणि शिक्षेची पायरी ठरवताना हा फरक विचारातच घेतला जात नाही. बिअर आणि देशी दारू एकाच मापाने मोजावी, तसा हा प्रकार आहे.

राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी या इस्रायली रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये टीएचसीची रचना उलगडली. मेंदूतील पेशींवरच्या ज्या ग्राहींना (रिसेप्टर्सना) हा रेणू चिकटतो, ते स्मृती, हालचाल आणि वेळेचे भान सांभाळणाऱ्या भागांत दाट असतात, तर श्वसन चालवणाऱ्या मस्तिष्क-स्तंभात फार थोडे. म्हणूनच हेरॉइनच्या अतिमात्रेने श्वास थांबतो तसा गांजाने सहसा थांबत नाही. पण यावरून गांजा निरुपद्रवी ठरवणे मला मान्य नाही. मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, आणि कोवळ्या वयात वारंवार तीव्र गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिससारख्या गंभीर मनोविकारांचा धोका वाढलेला आढळतो, विशेषतः घरात अशा विकारांचा इतिहास असेल तर.

नियंत्रण हवे, पण ते कसे, हा वाद आपल्याकडे जुना आहे. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते, त्याच प्रांतात खंडव्याच्या परिसरात सरकारी परवान्याने गांजा पिकत असे. १८९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने हजारावर साक्षी तपासून निष्कर्ष काढला की माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, अतिसेवनाने होते. त्यामुळे संपूर्ण बंदीऐवजी परवाने आणि कर यांची शिफारस त्याने केली.

गुन्हेगारीकरण थांबवणे आणि खुली विक्री सुरू करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चर्चेत त्यांची सतत गल्लत होते. पोर्तुगालने २००१ पासून कोणत्याही अमली पदार्थाचा सुमारे १० दिवसांच्या वैयक्तिक वापरापुरता साठा फौजदारी गुन्ह्यातून काढला. विक्री तिथे आजही गुन्हाच आहे, आणि पकडलेली व्यक्ती कायदा, आरोग्य व समाजकार्य जाणणाऱ्या समितीपुढे जाते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये असेच पाऊल उचलले, पण उपचारांची पुरेशी सोय नव्हती आणि २०२४ मध्ये त्याला ते मागे घ्यावे लागले.

आपल्या कायद्यातही एक खिडकी आहे. कलम ६४-अ नुसार थोडासा साठा बाळगणारा किंवा सेवन करणारा व्यसनी स्वतःहून सरकारमान्य रुग्णालयात उपचाराला गेला, तर त्याच्यावरचा खटला टळतो. ही सवलत फक्त व्यसनी माणसाला आहे. खिशात ५ ग्रॅम सापडलेला, व्यसनी नसलेला महाविद्यालयीन मुलगा तिच्यात बसत नाही, त्याच्यावर गुन्हा नोंदवला जातो आणि पुढे नोकरीच्या पोलीस पडताळणीत तो आडवा येऊ शकतो. अशा मुलाला फौजदारी न्यायालयाऐवजी समुपदेशकाकडे पाठवणारी दुरुस्ती कलम ६४-अ मध्ये आधी व्हावी, आणि तिच्यासोबतच जिल्हा रुग्णालयांत व्यसनमुक्तीचे प्रशिक्षित मनुष्यबळ द्यावे, एवढी मागणी सध्याच्या पुराव्यावर नक्कीच टिकते.