भांग (तंतुपीक)

भांग (शास्त्रीय नाव : कॅनाबिस सटायव्हा; कुल : कॅनाबेसी) ही वर्षायू वनस्पती. तिच्या मादी झाडाच्या फुलोऱ्याला गांजा, राळेला चरस आणि पानांना भांग म्हणतात. ही नोंद मात्र खोडातला वाख (सालीचा तंतू) आणि बी यांसाठी होणाऱ्या लागवडीपुरती आहे. तिच्या ‘हेम्प’ या इंग्रजी नावाने मराठी भाषांतरांत बराच घोळ घातला आहे. ताग ‘सन हेम्प’, अंबाडी ‘डेक्कन हेम्प’, घायपात ‘सिसल हेम्प’. पण या तिन्हींचे भांगेशी कुळाचेही नाते नाही. वाख निघतो, एवढेच साम्य.

कोणत्या पिकाच्या शेताला काय म्हणावे हे सांगणाऱ्या पाणिनीच्या सूत्रात (५.२.४) तीळ, उडीद आणि जवस यांच्या पंक्तीला भंगा बसली आहे, तिच्या शेताला ‘भङ्ग्य’ किंवा ‘भाङ्गीन’ म्हणत. म्हणजे रानातून खुडून आणायची ही वस्तू नव्हती, तिची शेते होती. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेचे तुकडे मिसळलेले असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथली चित्रे किड्यांनी पोखरली. वेरूळचा गिलावा त्यातून वाचला याचे श्रेय अभ्यासकांनी भांगेला दिले.

नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी. नर उंच, शेलाटे. पराग उधळले की लवकरच वाळते. मादी आखूड, दाट पानांची, बी पिकेपर्यंत टिकणारी. दिवस लहान होऊ लागले की फुलोरा येतो, म्हणून पेरणी लांबली तर झाड पुरेसे वाढण्याआधीच फुलते.

पीक कशासाठी घ्यायचे हे पेरणीतच ठरते. वाखासाठी बी दाट टाकतात. झाडे उजेडासाठी एकमेकांवर चढाओढ करतात, फांद्या फुटत नाहीत आणि सरळ, बारीक काठ्या मिळतात. बियांसाठी मात्र अंतर सोडावे लागते. दोन्ही एकाच शेतातून उत्तम मिळत नाही. चांगला मऊ वाख हवा तर नर फुलताच कापणी करावी. बी पिकू दिले की साल राठ होते. पाणी साचणारी जमीन तिला सोसत नाही.

उत्तराखंडच्या डोंगराळ भागात कापलेल्या काठ्या वाळवून पाण्यात कुजत घालतात. साल सैल झाली की बुडखा धरून ती शेंड्याकडे सोलत नेतात. हातात वाखाची लांब पट्टी येते आणि खाली अंबाडीच्या सणकाड्यांसारखी पांढरी काडी उरते. वाखाचे दोर आणि ‘भंगेला’ नावाचे जाडेभरडे कापड होते. बी भाजून चटणीत वाटतात. बियांत सुमारे ३० टक्के तेल असते, नशा नसते. तिकडचीच ‘भंगजीर’ मात्र वेगळी, ती तुळशीच्या कुळातली.

नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य मुख्यतः मादी फुलोऱ्यावरच्या राळेच्या सूक्ष्म ग्रंथींत तयार होते. त्याचे प्रमाण सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत असेल तर झाड ‘औद्योगिक’ धरण्याची पद्धत आहे. ही रेषा अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या १९७६ च्या वर्गीकरणातून आली; ती सोयीसाठी ओढलेली आहे हे त्यांनीच सांगितले होते. आज तीच परवान्याची कसोटी आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात ‘गांजा’च्या व्याख्येतून फुलोऱ्याविना असलेली पाने आणि बी वगळली आहेत, तंतू आणि बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकते. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक लागवडीचा पहिला परवाना दिला.

अडचण बियाण्याची आहे. डोंगरातले पिढ्यान्‌पिढ्या राखलेले गावठी वाण अनेकदा ही मर्यादा ओलांडते, आणि कमी टीएचसीचे बाहेरचे वाण तिथल्या उंचीला, दिवसमानाला जुळतेच असे नाही. शिवाय परागण वाऱ्याने होते आणि पराग कित्येक किलोमीटर जातात. बांधापलीकडे, ओढ्याकाठी आपोआप उगवलेल्या भांगेचे पराग शेतात आले की पुढच्या पिढीत टीएचसी चढते. त्यामुळे परवानाधारकाला स्वतःचे राखलेले बी पेरून भागत नाही. तपासलेले बियाणे पुन्हा आणावे लागते.