पार्श्वभूमी : चिनी वैद्यकातला वसंताचा काढा

फेब्रुवारी लागला, की चिनी औषधी दुकानांत वाळलेली शेवंती, गुलाबकळ्या, तुतीची पानं, पुदिना यांच्या पुड्या पुढे मांडल्या जातात. 'वसंतात यकृत सांभाळा' हा सल्ला आणि 'हजारो वर्षांची परंपरा' ही ग्वाही बरोबर असतेच. सल्ला खरोखरच जुना आहे. काढ्याची गोष्ट मात्र वेगळी.

सल्ल्याचं मूळ 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात सापडतं. तो इसवी सनाच्या आधीच्या एक-दोन शतकांत आजच्या रूपाच्या जवळपास आला असं मानतात. त्यात ऋतू, दिशा, चवी, रंग आणि अवयव पाच तत्त्वांमध्ये वाटून दिले आहेत. वसंताच्या वाट्याला काष्ठ तत्त्व, वारा, हिरवा रंग, आंबट चव, डोळे आणि यकृत आलं. हे यकृत आपल्या शरीरशास्त्रातलं नव्हे. ग्रंथ त्याला सेनापतीचा हुद्दा देतो आणि राग, चिडचिड त्याच्याच खाती टाकतो. आपल्या ऋतुचर्येत वसंतात कफ पातळ होतो आणि त्याचा बंदोबस्त करायचा असतो. तिकडे यकृताची ऊर्जा उसळते, तिला मोकळी वाट द्यायची असते. वसंताच्या तीन महिन्यांत उशिरा झोपा, लवकर उठा, केस मोकळे सोडा, अंगणात फेऱ्या मारा, असं तिथे सांगितलंय. काय प्यावं, याबद्दल त्या उताऱ्यात अवाक्षर नाही. अख्ख्या ग्रंथात औषधयोगच मुळी डझनभर, मुख्य भर सुया टोचून करायच्या उपचारांवर.

खाण्यापिण्याचा नियम पुढे थांग काळातल्या, म्हणजे सातव्या शतकातल्या, सुन सिमियाओ या वैद्याच्या नावावर आला: वसंतात आंबट कमी, गोड जास्त. औषधी चहांना ग्रंथात स्वतंत्र जागा मिळाली ती सोंग राजवटीत. 992 मध्ये पूर्ण झालेल्या सरकारी औषधसंग्रहात त्यांचं वेगळं प्रकरण आहे.

आज वसंताचा म्हणून जो काढा सर्रास सांगितला जातो, तो याहून बराच अलीकडचा. त्याचा कर्ता चियांगसू प्रांतातला वैद्य वू जूथोंग. त्याचे वडील तो 19 वर्षांचा असताना आजारात गेले आणि त्याने सरकारी परीक्षांचा अभ्यास सोडून वैद्यकाची पुस्तकं धरली. काही वर्षांनी पुतण्याही तापाने गेला. तोवर वैद्यांचा भर थंडीतून येणाऱ्या तापांवरच्या जुन्या शिकवणीवर होता; वूने उष्ण तापांची वेगळी मांडणी केली. 1798 च्या सुमारास लिहून झालेल्या त्याच्या ग्रंथात 'सांग-जू-यिन' हा योग येतो: तुतीची पानं, शेवंती, जर्दाळूच्या बियांचा गर, फोर्सिथिया या झुडपाची फळं, पुदिना, ज्येष्ठमध, नळगवताचं मूळ आणि चीनमधल्या एका निळ्या घंटाफुलाचं मूळ. दोन पेले पाणी आटवून एक करायचं, दिवसातून दोनदा घ्यायचं. वसंतातल्या वाऱ्याने येणारा खोकला आणि हलका ताप यांवरचं हे औषध, निरोग्याने रोज प्यायचं पेय नव्हे. त्यातली तुती आणि शेवंती तेवढी उचलून आजचा घरगुती चहा होतो.

गंमत म्हणजे ही दोन्ही शरदातली. तुतीची पानं दहिवर पडल्यावर तोडलेली चांगली मानतात, शेवंती ऑक्टोबर-नोव्हेंबरात खुडतात. हांगझूच्या नावाने विकली जाणारी पांढरी शेवंती मुख्यतः शेजारच्या थोंगश्यांगची. तिथे फुलं वाफवून मग वाळवतात. आन्हुइ प्रांतातल्या एका जातीची फुलं सावलीत सुकवतात. वाफवलेलं फूल उकळत्या पाण्यात पडलं, की पाकळ्या फुगून पेलाभर पसरतात आणि पाणी फिकट पिवळं होतं. या शेवंतीच्या जोडीला बऱ्याचदा भाजलेल्या टाकळ्याच्या बिया असतात. होय, पावसाळ्यात आपण भाजी करतो तोच टाकळा किंवा त्याचा सख्खा भाऊ. तिकडे भाजी नाही, बीच महत्त्वाचं: डोळ्यांसाठी आणि अर्थातच यकृतासाठी.

दक्षिणेत, ग्वांगदोंग प्रांतात, हे यकृतपुराण मागे पडतं. तिथला वसंत दमट. समुद्रावरून ओलसर उबदार हवा आली, की हिवाळ्यात गार पडलेल्या भिंती आणि फरश्यांना पाणी सुटतं, कपडे वाळत नाहीत. म्हणून तिथल्या काढ्यांचं काम अंगातला ओलावा काढायचं. 'पाच फुलांचा चहा' त्यातलाच. पाच फुलं कोणती, हे दुकानागणिक बदलतं, पण हनीसकल, शेवंती, काटेसावर आणि चाफा बहुधा असतात. काटेसावर हे ग्वांगझूचं शहरफूल. मार्चमध्ये त्याची जाड, लाल फुलं रस्त्यावर पडतात, लोक ती वेचून उन्हात काळपट होईपर्यंत वाळवतात. चाफा, म्हणजे देवळापाशी दिसतो तो पांढरा, मूळचा अमेरिका खंडातला. तेव्हा तो ज्या मिश्रणात आहे ते 16 व्या शतकाच्या आधीचं असूच शकत नाही. 'हजारो वर्षं' इथेच कोसळतात. या दक्षिणी काढ्यांना चीनने 2006 मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

सुट्या पुड्यांचा बाजार फोफावला त्यामागे एक कोरडा सरकारी कागदही आहे. 2002 मध्ये चीनच्या आरोग्य मंत्रालयाने अन्न आणि औषध दोन्ही मानल्या जाणाऱ्या 87 पदार्थांची यादी काढली. शेवंती, हनीसकल, तुतीची पानं, पुदिना, टाकळ्याच्या बिया सगळे तीत आहेत. त्यामुळे ही पुडी खाद्यपदार्थ म्हणून विकता येते. ज्येष्ठमधही त्याच यादीत आहे, पण तो रोज भरपूर पोटात गेला तर रक्तदाब वाढतो, आणि शेवंतीच्या कुळातल्या फुलांचं वावडं असलेल्यांना हा चहा बाधू शकतो. पुडीवरच्या यकृताचा डॉक्टर तपासतात त्या यकृताशी फारसा संबंध नाही, हेही विकत घेताना माहीत असलेलं बरं.