मोठी बॅटरी टाकली की कितीही लाईट लावा?

बाईकवरून लेह-लडाखची तयारी सुरू झाली की पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत हा सल्ला हमखास मिळतो: "फॉग लॅम्प, चार्जर, जोरदार हॉर्न, काय हवं ते बसवा. फक्त बॅटरी मोठी टाका."

बॅटरी म्हणजे टाकी. नळ वेगळा: इंजिनवर फिरून वीज बनवणारा मॅग्नेटो आणि त्याची स्टेटर कॉइल. टाकी वाढवली म्हणून नळाची धार वाढत नाही.

हिशोब करून बघा. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टवर ९ अँपिअरहून जास्त. इंजिन बंद असेल तर ८ अँपिअर-अवरची बॅटरी तासभरही टिकणार नाही. १४ ची टाकलीत तर थोडी उशिरा बसेल, एवढंच. आंबा घाटात धुक्यात मीही एकदा दिवे लावून, इंजिन बंद करून चहा प्यायलो. बटण दाबलं तर नुसती टिकटिक. किक नव्हती, मग उतारावर ढकलस्टार्ट.

खरी परीक्षा मल्टिमीटरची. गाडी चालू करा, सगळे दिवे लावा, थोडा रेस द्या. बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर ठीक. १३ च्या खाली आलं तर बॅटरी भरत नाहीये, रिकामी होतेय. मग हॅलोजन काढून कमी वॅटचे एलईडी लावा. रिले (दिव्यांना बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) आणि फ्यूज मात्र हवेतच. हेडलाईटची वायर सोलून जोड मारणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.