अमायलॉइडोसिस : तोंडातील खुणा

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग आहे. या पेशी प्रतिपिंडांच्या ‘लाइट चेन’ नावाच्या साखळ्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतात. सुमारे 10 ते 15 टक्के रुग्णांत त्या साखळ्या चुकीच्या दुमडतात, त्यांचे न विरघळणारे तंतू, म्हणजे अमायलॉइड, होतात आणि ते अवयवांत साचतात. हाच एएल, म्हणजे लाइट चेनमुळे होणारा, अमायलॉइडोसिस. मायलोमा नसतानाही, प्लाझ्मा पेशींच्या लहानशा बिघाडातून तो होतो. हृदयातला साठा जीवघेणा, पण तो आत दडलेला असतो. तोंडातला मात्र डोळ्यांना दिसतो.

सर्वांत ठळक खूण जिभेची. ती हळूहळू जाड, घट्ट, लाकडासारखी कडक होते आणि कडांवर दातांचे ठसे उमटतात. बोलणे जड होते, घास गिळताना अडतो, झोपेत श्वास कोंडतो. कवळी वापरणाऱ्याला तर ‘कवळी बसत नाही’ एवढीच तक्रार जाणवते. अशी जीभ थोड्याच रुग्णांत दिसते, पण प्रौढ वयात नव्याने दिसली तर एएल प्रकाराचा संशय घेतलाच पाहिजे.

रक्तवाहिन्यांच्या भिंती ठिसूळ झाल्याने जीभ, गाल व टाळूवर जांभळे डाग आणि रक्ताचे फोड येतात. पापण्यांभोवतीही तसेच काळेनिळे वळ उमटतात. लाळग्रंथींत साठा झाला की तोंड कोरडे पडते, जबड्याखाली सूज दिसते. चावता चावता जबडा दुखून थांबावे लागते, हे लक्षण वयाच्या नावावर सहज खपून जाते.

खात्री बायोप्सीने होते. पोटावरची चरबी किंवा खालच्या ओठातल्या बारीक लाळग्रंथी यांचा नमुना पुरतो. जिभेला सहसा हात लावावा लागत नाही. काँगो रेड या रंगद्रव्याने रंगवलेला अमायलॉइड ध्रुवित प्रकाशात हिरव्या सफरचंदासारखा चमकतो. त्यानंतर प्रथिनाचा प्रकार ठरवणे अत्यावश्यक, कारण उपचार त्यावरच ठरतात. केवळ तोंडापुरता मर्यादित अमायलॉइडही असतो, मात्र रक्त, लघवी, हृदय व मूत्रपिंड तपासल्याशिवाय तसे म्हणता येत नाही.

उपचारांचा रोख प्लाझ्मा पेशींवर असतो. औषधे अशी: बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फमाइड, डेक्सामेथासोन आणि त्यांच्या जोडीला डॅराट्युमुमॅब. नवा साठा थांबला तरी मोठी झालेली जीभ क्वचितच पूर्ववत होते, आणि ती कापून लहान करताना रक्तस्रावाचा धोका असतो. दात काढण्याआधीही रक्त गोठण्याची तपासणी करून घ्यावी, कारण गोठण्याला लागणारा दहावा घटक अमायलॉइडमध्ये अडकून रक्तात कमी पडू शकतो.