भिक्षुणी उपसंपदा

बौद्ध संघात स्त्रीला पूर्ण दीक्षा देऊन भिक्षुणी म्हणून सामावून घेण्याचा विधी. त्याचे नियम पाली विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथात, मुख्यतः त्यातल्या चुल्लवग्ग या भागाच्या दहाव्या खंधकात (प्रकरणात) आणि भिक्षुणीविभंग या भागात आहेत. परंपरेनुसार पहिली भिक्षुणी महाप्रजापती गोतमी, म्हणजे सिद्धार्थाला वाढवणारी त्याची मावशी. कपिलवस्तूत बुद्धाकडून नकार मिळाल्यावर तिने केस उतरवले, काषाय वस्त्रे घातली आणि ती शाक्य स्त्रियांसह पायी वैशालीला पोचली. बुद्धाचा शिष्य आनंद याने तिची बाजू मांडली तेव्हा आठ गरुधम्म, म्हणजे भिक्षुणींसाठीचे खास नियम, पाळण्याच्या अटीवर परवानगी मिळाली. हे आठही नियम अगदी त्याच दिवशी घातले गेले असतील का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे आणि ती रास्त आहे. त्यांतल्या सहाव्या नियमात ‘शिक्षमाणा’ हा उपसंपदेआधीच्या उमेदवारीचा टप्पा गृहीत धरलेला आहे, पण संघच नुकता जन्मत असताना तो टप्पा अस्तित्वात असणे कठीण.

दीक्षेची वाट तीन टप्प्यांची आहे. प्रव्रज्येनंतर, म्हणजे घर सोडून घेतलेल्या पहिल्या दीक्षेनंतर, स्त्री श्रामणेरी होते आणि 10 शिक्षापदे पाळते. मग भिक्षुणीसंघाच्या संमतीने ती 2 वर्षे शिक्षमाणा राहते. या काळात हिंसा, चोरी, अब्रह्मचर्य, असत्य, मद्य आणि अवेळी म्हणजे मध्यान्हानंतरचे भोजन या 6 गोष्टी टाळायच्या असतात. एकही नियम मोडला तर 2 वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उपसंपदेसाठी वयाची 20 वर्षे पूर्ण हवीत. तिच्याजवळ भिक्षापात्र आणि पाच चीवरे असावी लागतात: बाहेरून घ्यायची संघाटी, वरचे उत्तरासंग, खालचे अंतरवासक, छाती झाकणारी संकच्चिका आणि स्नानासाठीची उदकसाटिका. भिक्षूला तीनच चीवरे असतात.

दीक्षा देणाऱ्या उपाध्यायेला पवत्तिनी म्हणतात. स्वतःच्या उपसंपदेला 12 वर्षे झाल्याशिवाय तिला दुसरीला दीक्षा देता येत नाही. दिली तरी लागोपाठच्या दोन वर्षांत देता येत नाही आणि एका वर्षात दोघींना देता येत नाही. पुढची दोन वर्षे शिष्येला शिकवणे आणि सांभाळणे ही तिचीच जबाबदारी असते. या मर्यादेमुळे भिक्षुणीसंघ सावकाशच वाढतो, आणि एकदा मोडला की लवकर उभा राहत नाही.

प्रत्यक्ष विधी उभयसंघात, म्हणजे आधी भिक्षुणींपुढे आणि मग भिक्षूंपुढे होतो. त्याआधी उमेदवाराला अंतरायांचे, म्हणजे दीक्षेला आड येणाऱ्या गोष्टींचे, 24 प्रश्न विचारतात. पहिले 11 शरीराबद्दलचे, विशेषतः स्त्रीच्या देहाबद्दलचे असतात. त्यानंतर कुष्ठ, गंड (गळू), किलास (त्वचारोग), क्षय, अपस्मार यांपैकी काही आहे का, तू स्वतंत्र आहेस का, कर्ज नाही ना, आईवडिलांची आणि पतीची संमती आहे का, पात्र-चीवर पूर्ण आहे का, असे विचारत शेवटी तिचे आणि पवत्तिनीचे नाव विचारतात. सुरुवातीला हे सगळे भिक्षूच विचारीत. बायका लाजून गप्प राहत, त्यांच्या तोंडून उत्तर फुटत नसे. म्हणून ही चौकशी भिक्षुणीसंघाकडे सोपवण्यात आली, असे चुल्लवग्ग सांगतो. भर सभेतही संकोच होई, तेव्हा आधी बाजूला नेऊन उत्तरे समजावून द्यावीत, असेही ठरले. उभयसंघाच्या पद्धतीमागे हे साधे, व्यवहारी कारण आहे.

चौकशीनंतर एक ज्ञप्ती (संघापुढे प्रस्ताव मांडणे) आणि तीन अनुश्रावणे (तो तीनदा ऐकवणे) होतात. तिसरी संपेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही, तर मौन हीच संमती. लगेच सावली मोजून वेळ नोंदतात, ऋतू आणि दिवसाचा प्रहर सांगतात, म्हणजे ज्येष्ठतेचा क्रम पक्का होतो. शेवटी तीन निश्रय (निर्वाहाचे किमान आधार) आणि आठ पाराजिका (संघातून कायमचे बाहेर काढणारे अपराध) ऐकवतात. भिक्षूंचे निश्रय चार आहेत. त्यांतला झाडाखाली राहण्याचा भिक्षुणींना नाही, कारण त्यांना अरण्यवास मना आहे.

वाट धोक्याची असेल तर दूतीकरवी उपसंपदा घेता येते. काशीची गणिका अड्ढकासी श्रावस्तीला निघाली, तेव्हा वाटेत धूर्त लोक दबा धरून बसल्याची खबर आली. त्यावरून ही मुभा मिळाली. मात्र दूती समर्थ भिक्षुणीच असावी लागते. भिक्षू, शिक्षमाणा किंवा श्रामणेरी चालत नाही.

कर्म, म्हणजे संघाचा हा विधी, बाद होण्याची नेहमीची कारणे म्हणजे गणसंख्या (हजर असलेल्यांची संख्या) अपुरी असणे आणि सीमेच्या, म्हणजे विधीसाठी ठरवलेल्या हद्दीच्या, आत असलेली एखादी संघव्यक्ती हस्तपाशाबाहेर, म्हणजे हाताच्या अंतरापलीकडे, राहणे. मध्यदेशात किमान 10, तर सीमांत प्रदेशात विनयाचे नियम जाणणाऱ्या एका विनयधरासह 5 जण लागतात.

पाली परंपरेच्या थेरवाद पंथाच्या पातिमोक्खात, म्हणजे नियमांच्या यादीत, भिक्षुणींचे 311 नियम आहेत, भिक्षूंचे 227.

महाराष्ट्रात कान्हेरी आणि कुडा येथील ब्राह्मी लेखांत प्रव्रजित स्त्रियांची दाने नोंदलेली आहेत. अशोकाची मुलगी संघमित्ता हिने श्रीलंकेत नेलेली परंपरा अकराव्या शतकात चोळांच्या स्वाऱ्यांच्या काळात खंडली. भिक्षूंची परंपरा ब्रह्मदेशातून भिक्षू आणवून पुन्हा उभी केली गेली, भिक्षुणींसाठी तसे काही झाले नाही. पण त्याआधीच, पाचव्या शतकात, सिंहली भिक्षुणींनी नानजिंगला जाऊन चिनी स्त्रियांना उपसंपदा दिली होती. म्हणून 1996 मध्ये सारनाथला कोरियन आणि 1998 मध्ये बोधगयेला चिनी परंपरेच्या संघाच्या साहाय्याने सिंहली स्त्रियांना दीक्षा दिली गेली, तेव्हा तो धागा एका अर्थी परतच आला. विरोधकांचा आक्षेप असा की ती परंपरा धर्मगुप्तक या दुसऱ्या प्राचीन पंथाच्या विनयाची आहे, थेरवादी नाही. याला विनयातच उत्तर सापडते. भिक्षूंनी भिक्षुणींना उपसंपदा द्यावी, ही मूळ अनुज्ञा चुल्लवग्गात आहे आणि ती मागे घेतल्याचे कुठेही म्हटलेले नाही. भिक्षूंसाठीची त्रिशरणाने होणारी जुनी उपसंपदा मात्र स्पष्ट शब्दांत रद्द केलेली आहे. त्यामुळे भिक्षुणीसंघ नसेल तिथे एकट्या भिक्षुसंघाची दीक्षाही ग्राह्य धरावी, हा पक्ष अधिक सबळ वाटतो. 1998 च्या मार्चमध्ये दंबुल्ला येथे थेरवादी भिक्षूंनी श्रीलंकेतच उपसंपदा दिली.

थायलंडमध्ये भिक्षूंनी स्त्रियांना दीक्षा देऊ नये, हा संघराजांचा, म्हणजे तिथल्या संघप्रमुखांचा, 1928 चा आदेश अजून उभा आहे. तिथल्या बहुतेक साधिका पांढऱ्या वस्त्रातल्या माए-ची म्हणून राहतात. पूर्ण दीक्षा हवी असलेल्या श्रीलंकेची वाट धरतात.