भाटीचं फेपरं आणि मेंदूतला समुद्रघोडा

माळवदावर कडब्याच्या आडोशाला वाढलेली आमची भाटी, म्हणजे मांजरी, पहिल्यांदा आखडली तेव्हा आजी म्हणाली, “फेपरं आलंय तिला, कांदा फोडा.” त्याआधी मिनिटभर भाटी एकटक भिंतीकडे बघत होती. एका बाजूच्या मिशा आणि कान फडफडत होते, लाळ गळत होती. पाय झाडण्यापेक्षा हे आधीचं मिनिटच डॉक्टरांना जास्त सांगून जातं. मांजरांमध्ये अनेकदा झटका मेंदूच्या आतल्या घडीतून, हिप्पोकॅम्पसमधून उठतो आणि त्याची खूण आधी चेहऱ्यावर उमटते.

ही घडी समुद्रघोड्यासारखी दिसते म्हणून तिला हे नाव पडलं. 1587 साली इटलीतल्या बोलोन्याच्या आरांतियस या शरीररचनातज्ज्ञानं ते छापलं. तिचं एक मुख्य काम आठवणी पक्क्या करण्याचं. आपल्या आयुर्वेदानं या आजाराला ‘अपस्मार’ म्हटलं, म्हणजे स्मृती जाणं. दोन्हींत आठवण आहे, हे मला फार विलक्षण वाटतं.

1825 साली फ्रान्समध्ये बुशे आणि काझोव्हिए या डॉक्टरांना मिरगीच्या रुग्णांच्या शवविच्छेदनात हा भाग कडक झालेला दिसला. मग वाद सुरू झाला: या बिघाडामुळे झटके येतात, की झटक्यांमुळे हा बिघाड होतो? 1880 साली झोमरनं पहिली बाजू घेतली आणि त्याच वर्षी फ्लेगरनं दुसरी. माणसांच्या बाबतीतही तो वाद पुरता मिटलेला नाही.

मांजरांकडे लक्ष गेलं ते बऱ्याच उशिरा. 2000 साली स्वित्झर्लंडमधून 38 मांजरांची नोंद प्रसिद्ध झाली. झटके येऊन गेलेल्या या मांजरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मेलेल्या होत्या. 2013 मध्ये व्हिएन्नाच्या पशुवैद्यांना अशा काही मांजरांच्या रक्तात एलजीआय-1 या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे काहींचा आजार शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं ओढवलेला होता. पण आनुवंशिक मिरगीचा प्रश्न तसाच राहिला, कारण त्यासाठी आई, बाप, भावंडं, सगळ्यांची नोंद हवी.

ती नोंद जपानमध्ये मिळाली. एकाच कुटुंबातल्या मांजरांना पिढ्यान्‌पिढ्या झटके येत होते. हासेगावा आणि कुवाबारा या पशुवैद्यांच्या गटानं ते कुटुंब सांभाळलं आणि 2010 पासून त्यावर लिहिलं. वंशावळ पाहता दोष सुप्त जनुकाचा, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही आला तरच दिसणारा, असावा असं त्यांना वाटलं. झटके आपोआप यायचे, तसे मांजराला झुलवून तोलाच्या संवेदनेला चाळवलं तरी यायचे.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. नेहमीच्या एमआरआयवर या मांजरांचा मेंदू ठीकठाक दिसायचा. 2014 मध्ये मिझोगुची आणि सहकाऱ्यांनी नुसतं बघण्यापेक्षा मोजायचं ठरवलं. भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूच्या पातळ पातळ चकत्यांच्या प्रतिमा घ्यायच्या, प्रत्येकीवर हिप्पोकॅम्पसची कड आखायची, क्षेत्रफळाला जाडीनं गुणायचं आणि बेरीज करायची. शेतीची मोजणी करतात तसंच, फक्त जमिनीच्या गटाऐवजी मेंदूची एक घडी. तेव्हा डावा आणि उजवा हिप्पोकॅम्पस सारखे नाहीत हे उघड झालं. डोळ्याला जे दिसत नव्हतं ते आकड्यांत होतं. माणसांत ही पद्धत 1990 च्या सुमारास रुळू लागली होती. मांजरांत ती आनुवंशिक मिरगीपर्यंत पोचायला दोन तपं लागली. पुढे याच मांजरांच्या मेंदूत झटका नसताना आणि झटक्यानंतर पाण्याची हालचाल आणि रक्ताचा प्रवाह कसा बदलतो, हेही एमआरआयनं तपासलं गेलं.

आपल्या मराठवाड्यात वंशावळीची कदर आहेच. उदगीरकडचा देवणी वळू कुठल्या घरचा, लाल कंधारी गाईची आई कशी होती, हे लोक तोंडपाठ सांगतात. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण मांजराची वंशावळ कोण ठेवणार? पिल्लं कडब्यात होतात, डोळे उघडले की गल्लीत वाटली जातात.

दुसऱ्या झटक्याला मी कांदा शोधत बसलो नाही. मोबाईलवर चित्रण केलं, वेळ लिहून ठेवली. डॉक्टरांनी ते दोनदा पाहिलं, चेहऱ्यापाशी थांबवून, आणि फेनोबार्बिटल हे झटके रोखणारं औषध सुरू केलं. मग विचारलं, “हिची आई माहीत आहे का?”

आई माहीत आहे, अजून आमच्याच माळवदावर येते. बोका कोणता, ते गल्लीत कुणालाच सांगता येत नाही. भाटीसोबतची तीन पिल्लं मात्र कुणाकडे गेली ते माझ्या आईला पक्कं आठवतं, आणि त्या तिन्ही घरी मी या आठवड्यात जाऊन विचारणार आहे.