कोड खुला आहे, पण उत्तर तेच येतंय का?

नाशिकचा सूर्य सकाळी सातलाच डोक्यावर, असं माझं मॉडेल सांगत होतं. एकलहऱ्याच्या ६३० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला सौर वीज किती हातभार लावेल, हे पायप्सा या वीजव्यवस्थेचं मॉडेल बांधायच्या मुक्तस्रोत साधनात तपासत होतो. हवामानाचे आकडे ईआरए५ या जागतिक हवामान-नोंदींच्या संचाचे, तासातासाचे आणि वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडचे साडेबारा. इथली मध्यान्ह साधारण १२:३५ला होते, तेव्हा आकडे बरोबरच होते.

मी काय केलं? एक्सेलमध्ये रकाना पाच ओळी खाली ढकलला. अर्धा तास कुठे ढकलणार? सहा महिन्यांनी तेच गणित पुन्हा चालवलं, तर उत्तर वेगळं. कुठल्या फाइलमध्ये पाच ओळी ढकलल्या आणि कुठल्या फाइलमध्ये सहा, हे मलाच आठवेना. कोड मात्र सगळा गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, कुणीही बघावा असा.

घोळ होतो तो इथेच. मुक्तस्रोत म्हणजे कोड बघायची, बदलायची, वाटायची परवानगी. ती परवान्यात लिहिलेली असते. तेच उत्तर पुन्हा मिळायचं तर कच्च्या फाइलपासून शेवटच्या आलेखापर्यंतची प्रत्येक पायरी कुठेतरी नोंदलेली लागते. निर्यातीच्या द्राक्षपेटीवरून ग्रेपनेट या माग काढायच्या ऑनलाइन नोंदप्रणालीत थेट बागेच्या प्लॉटपर्यंत मागे जाता येतं. नुसती पेटी उघडून प्लॉट कळत नाही. उलटही घडतं: एखाद्या कंपनीचं बंदिस्त मॉडेल त्यांच्या ऑफिसात दर वेळी तेच उत्तर देईल, आपल्याला ते बघायलाही मिळणार नाही.

पायप्सावर उभ्या पायप्सा-युर या युरोपच्या वीजव्यवस्थेच्या मॉडेलासारख्या मॉडेलांत ही नोंद स्नेकमेक हे पायऱ्या क्रमाने चालवणारं साधन ठेवतं. प्रत्येक नियमात लिहायचं: कुठली फाइल घेतली, कुठल्या स्क्रिप्टने, कुठली तयार झाली. मूळ फाइल बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या पायऱ्याच पुन्हा चालतात. माझी ओळी ढकलायची करामत आता तिथे एका स्क्रिप्टमध्ये आहे. ती ओळी हलवत नाही, वेळेचा शिक्का भारतीय वेळेत बदलते. आपल्याकडे विजेचं वेळापत्रक पंधरा मिनिटांच्या ९६ ब्लॉकचं, त्यामुळे साडेबाराचा आकडा ब्लॉकच्या सीमेवर नेमका बसतो.

कोड ज्या तयार लायब्रऱ्या वापरतो, त्यांच्या आवृत्त्या गोठवणं हे ओघानं आलंच. कच्ची फाइल मात्र जपून ठेवा, नुसत्या लिंकवर विसंबू नका: ईआरए५चे ताजे आकडे तात्पुरते असतात, दोन-तीन महिन्यांनी पक्के होतात, आणि क्वचित बदलतातही.

एवढं करूनही हाय्स आणि गुरोबी या दोन सॉल्व्हरांनी, म्हणजे मॉडेलचं गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमांनी, एकाच मॉडेलला वेगळी उत्तरं दिली तर घाबरू नका. एकूण खर्च तोच ठेवून कुठलं केंद्र कधी चालवायचं, याचे अनेक मेळ बसू शकतात. म्हणून मी आधी एकूण खर्च ताडून बघतो, मग सूर्य बारा ते एकच्या दरम्यान माथ्यावर येतोय ना, ते.